मनोरीत करायचं काय, खायचं काय

सोमवार, ८ डिसेंबर १९८६

पाहुणे पळाले! चार दिवसांसाठी आले होते, दुसऱ्याच दिवशी पहिल्या बोटीने मार्वेला परत. चहासुद्धा घेतला नाही. जाता जाता त्या बाई मावशीला म्हणाल्या, "घर छान आहे हो तुमचं. पण इथं करायचं काय? आणि खायचं काय? तिन्ही वेळा तेच कालवण!"

मालनमावशी खोलीत गेली. चादरी काढल्या, बादलीत बुडवल्या.

परिस्थिती नोंदवून ठेवते. मनोरीचं हे घर दोघांच्या नावावर आहे— मावशी आणि तिचे दीर जयवंतकाका. मावशीच्या यजमानांनी गिरणीत असताना भावाबरोबर बांधलं. ते जाऊन चार वर्षं झाली. तेव्हापासून मावशी इथं एकटी राहते, दोन खोल्या पाहुण्यांना देते, त्यांचा स्वयंपाक करते. या हंगामात तीन कुटुंबं आली, तिन्ही लवकर गेली. जयवंतकाकांनी दिवाळीत सांगून टाकलंय: "वर्षअखेरपर्यंत बघू, वहिनी. नाही जमलं तर विकून मोकळे होऊ."

तेवीस दिवस उरले.

माझी पंधरा दिवसांची रजा आहे. अंधेरीच्या ऑफिसात तेवढे दिवस माझ्याशिवाय नकाशे निघतील. मावशीला म्हटलं, मी बघते. ती म्हणाली, "तू काय बघणार, वसू? समुद्र तोच, मासे तेच."

बघते.

मंगळवार, ९ डिसेंबर

दिवसभर मोजणी. तीस मीटरची टेप, वही, दोन पेन्सिली. टेपचं दुसरं टोक काशीरामदादांच्या हातात. ते शेजारी राहतात— मूळचे मालवणकडचे, गिरणी सुटल्यावर इथं आले. नारळ उतरवतात, मावशीची कौलं शाकारतात, आणि बोलतात. फार बोलतात.

"रस्तो मोजून जवळ येतलो काय गो बाय?"

"किती लांब आहे ते तरी कळेल."

"ता माका इचार ना! एक इडी पेटवलंय काय धक्को इलो."

घर ते धक्का: ८४० पावलं, माझं पाऊल ६८ सेंटिमीटर. नऊ मिनिटं. म्हणजे एक विडी. बरोबर निघालं!

घर ते किनारा: ३१० पावलं. मधे विहीर, दोन कुंपणं, बोंबील वाळत घालायच्या काठ्यांची रांग. पुढे सुरूची झाडं, त्यांच्यामागे एक सुतार नवीन होडी बांधतो. त्याला विचारलं, लोक बघायला आले तर चालेल? "बघा की. फक्त असं करा, तसं करा सांगू नका."

या गावात करायला काही नाही म्हणे! मी एका दिवसात नऊ गोष्टी लिहिल्या. त्या पाहुण्यांना कुणी सांगितल्याच नव्हत्या, एवढंच.

बुधवार, १० डिसेंबर

सकाळी सहापासून धक्क्यावर. बांबूला फूट-फुटावर रंगाचे पट्टे मारून पाण्यात रोवला आणि दर पाच मिनिटांनी आकडा घेतला. ऑफिसातून बंदराचं भरती-ओहोटीचं पुस्तक आणलंय. त्यात शहराच्या बंदराच्या वेळा आहेत. इथल्या खाडीला किती फरक पडतो, ते काढायचं होतं.

काशीरामदादा मागे येऊन उभे. "आज तीथ कितवी?"

मी कॅलेंडर बघून आले होते. दशमी.

"दहा पाऊणे साडेसात. साडेसाताक पाणी भरतला." आणि निघून गेले.

पाणी सात पस्तीसला थांबलं. पुस्तक वीस मिनिटांनी चुकलं, काशीरामदादा पाच मिनिटांनी! घरी परत आल्यावर त्यांना विचारलं, हे काय गणित? तीथ घ्यायची, पाऊणपट करायची. अष्टमीला सहा, दशमीला साडेसात. पुनवेनंतर पुन्हा एकपासून. लहानपणी शाळेत पाऊणकीचा पाढा पाठ करून घेतला होता, तो असा वापरतात. आमच्या वेळेपर्यंत पाऊणकी बंद झाली होती. मला डिप्लोमात लॉगॅरिदम शिकवले.

"तुझ्या पुस्तकात काय लिवलेला असा?" त्यांनी विचारलं. मी पुस्तक पिशवीत टाकलं.

दुपारी पत्र आलं. मुलुंडच्या एका कारखान्याच्या कामगार मंडळाचं. मावशीने दिवाळीत अर्ज केला होता, ती विसरूनही गेली होती. मंडळाला जानेवारी ते मार्च दर शनिवार-रविवारी कामगारांची कुटुंबं पाठवायची आहेत. गोराई, मढ आणि मनोरी अशी तीन घरं बघताहेत. चिटणीस येणार रविवार, २१ तारखेला, सकाळी दहाला. शेवटची ओळ: "कुटुंबांना तेथे करण्यासारखे काय आहे व खाण्याची सोय काय, याची माहिती तयार ठेवावी."

मावशीने पत्र दोनदा वाचलं. देवापुढे ठेवलं. मी उचलून फायलीत लावलं.

शुक्रवार, १२ डिसेंबर

खाणं. तीच पद्धत— प्रत्येक ठिकाणी स्वतः जाऊन, वेळ लिहून.

धोंडिरामचा चहा, धक्क्याजवळ. भजी चारनंतर खावी. त्याआधी तेल तापलेलं नसतं, बसकी निघतात. हे त्याला सांगितलं. म्हणाला, "ताई, आजवर कुणी घड्याळ लावून भजी खाल्ली नाही हो माझी!"

खंडू पाववाला. सायकलवर, सहा चाळीसला आमच्या फाटकाशी. तीन दिवस बघितलं— ६.४०, ६.४१, ६.४०. कडक पाव अजून गरम असतो. आजवरच्या एकाही पाहुण्याने तो खाल्लेला नाही, कारण सगळे आठला उठतात आणि मावशी त्यांना डब्यातले बटर देते.

रुक्मिणीची ओटी. रुक्मिणी सकाळी मासळी विकते, दुपारी घरच्या ओटीवर जेवण वाढते— ताजे बोंबील, तांदळाची भाकरी, सुक्या जवळ्याची चटणी. सकाळी नऊच्या आत सांगावं लागतं. ताटं आठ, नववं नाही. मी विचारलं, नववा माणूस आला तर?

"त्याने उद्या यावं. समुद्र कुठं पळून जातोय?"

बोंबील इतके कुरकुरीत की बाजूच्या माणसाला ऐकू येतात. वहीत असंच लिहिलंय. तांत्रिक शब्द सापडला नाही.

शनिवार, १३ डिसेंबर

आज मावशीला बरोबर नेलं. कारण स्पष्ट आहे: माझ्या चालीवरून वेळा काढून उपयोग नाही, वयस्क माणसाला किती वेळ लागतो ते हवं. वय ५८, मिनिटाला ६४ पावलं. घर ते किनारा पाच मिनिटं, शिवाय एक थांबा विहिरीच्या कठड्यावर.

किनाऱ्यावर ती वाळूत बसली. उठेचना. "तुझे काका होते तेव्हा बसायचो इथं. नंतर कधी आलेच नाही." तीनशे दहा पावलं, आणि चार वर्षं आली नाही! मी विचारलं, का? म्हणाली, "डाळ शिजत असते गं."

मग रुक्मिणीकडे. मावशीने दोन बोंबील जास्त घेतले, भाकरी तीन. रुक्मिणी वाढत होती, मावशी नुसती बसून होती. हात कुठं ठेवावेत, हे तिला कळत नव्हतं. "दुसऱ्याच्या हातचं गरम," असं काहीतरी पुटपुटली.

परतीची वेळ सात मिनिटं. जेवणानंतर धरून.

रविवार, १४ डिसेंबर

जयवंतकाका आले. बूट न काढता घरभर फिरले, भिंतीवर बोटांनी टकटक करून बघितलं.

"वहिनी, मंडळ-बिंडळ काही येत नाही. आलं तरी दुपारच्या बोटीने परत जाईल. इथं माणसाने करायचं काय? झाडं मोजायची?"

"मोजली," मी म्हटलं. "नारळ एकतीस. तीन तुम्ही गेल्या वर्षी तोडलेत, ते धरून चौतीस होते."

काकांनी माझ्याकडे बघितलं. मावशी आत गेली. ती हसत होती, पाठीवरून कळतं.

जाताना म्हणाले, "एकतीस तारीख. मी शब्द फिरवत नाही."

मीही नाही.

मंगळवार, १६ डिसेंबर

आज सुचलं! इतके दिवस चूक करत होते. नऊ वाजता हे, अकराला ते, चारला भजी— घड्याळाप्रमाणे यादी. पण या गावात काहीच घड्याळाप्रमाणे होत नाही. पाणी उतरलेलं असेल तर ओल्या वाळूवरून खडकांपर्यंत चालत जाता येतं, शिंपले मिळतात, खेकडे दिसतात. पाणी चढताना होड्या येतात, मासळी उतरते. पोहायचं तर भरतीच्या आधीचा तास, ओहोटी लागल्यावर अजिबात नाही. तोच किनारा, दिवसातून दोनदा बदलतो. म्हणूनच पाहुणे चुकतात— चिखल असताना पोहायला जातात, पाणी भरलेलं असताना शिंपले शोधतात, आणि म्हणतात, इथं काही नाही!

म्हणून आता एक तक्ता, त्याच्या दोन बाजू: "पाणी उतरलेलं" आणि "पाणी चढलेलं". मधे गावाचा नकाशा. खाली तीथ आणि वेळ, काशीरामदादांच्या पाऊणकीप्रमाणे, माझ्या पाच मिनिटांच्या दुरुस्तीसह.

लिहिता लिहिता एकवीस तारीख तपासली. वद्य पंचमी. पाच पाऊणे पावणेचार— दुपारी पावणेचारला भरती. मग ओहोटी सकाळी साडेनऊला. आणि चिटणीस येणार दहाला!

काशीरामदादांना सांगितलं. त्यांनी कपाळावर हात मारला. "दहाक धक्क्याक पाणीच नाय! चिखलात उतरतले तुजे सायेब. बुटासकट!"

ताबडतोब मंडळाला पत्र लिहिलं. "रविवारी दहा वाजता येऊ नये. बोट धक्क्याला लागणार नाही. साडेबारानंतर यावे. दुपारचे जेवण येथे आहे." मावशीला वाचून दाखवलं. ती घाबरली.

"अगं, येऊ नये काय लिहितेस? लग्नाच्या वऱ्हाडाला कुणी येऊ नका लिहितं का? ते मढचं घर घेतील!"

"चिखलात पडले तर नक्की घेतील."

स्वतः मार्वेला जाऊन मालाडच्या पोस्टात टाकलं. एक्स्प्रेस.

गुरुवार, १८ डिसेंबर

अंधेरीला ऑफिसच्या अमोनियाच्या यंत्रावर तक्त्याच्या सहा प्रती काढल्या. रेघ न् रेघ आली आहे. अमोनियाचा वास अजून हाताला आहे.

शनिवार, २० डिसेंबर

मंडळाचं उत्तर नाही. पत्र पोचलं की नाही, कळायला मार्ग नाही.

रविवार, २१ डिसेंबर

सविस्तर लिहिते.

दहाच्या बोटीला मी आणि काशीरामदादा धक्क्यावर हजर होतो— न जाणो, दहालाच आले तर. बोट धक्क्याच्या आधीच टेकली. लोक चपला हातात घेऊन चिखलातून येत होते. एक माणूस पिंढरीपर्यंत गेला. चिटणीस त्यांच्यात नव्हते! मी अकराच्या अकरा जणांना विचारलं.

पाऊणला आले. चिटणीस विद्याधर आणि त्यांच्या पत्नी जयंतीबाई. बोट धक्क्याला नीट लागली, दोघे कोरड्या पायांनी उतरले. उतरता उतरताच ते म्हणाले, "'येऊ नये' लिहिणारं पत्र कुणाचं?"

माझं, म्हटलं.

"गेल्या रविवारी दुसऱ्या एका ठिकाणी यांचा एक बूट चिखलात राहिला," जयंतीबाई म्हणाल्या. "एकच! दुसरा घरी आहे अजून. एकटा बूट काय पाळायचा?"

सगळं ठरल्याप्रमाणे चाललं होतं. रुक्मिणीच्या ओटीवर दोन ताटं सांगितलेली. रुक्मिणीने बोंबील वाढायला घेतले, आणि जयंतीबाई म्हणाल्या, "आम्ही दोघं मासे खात नाही हं."

मला ऐकू आलं, पण कळलं नाही. कळलं तेव्हा तक्ता डोळ्यांपुढे आला. जेवणाच्या सात नोंदी. सातही मासळीच्या! पावलं मोजली, भजीचं तेल मोजलं, आणि समुद्रावर येणारा माणूस मासे खात नसेल, हे डोक्यातच आलं नाही. मावशीच्या नाही, काशीरामदादांच्या नाही, कुणाच्याच नाही. आमच्या घरात असं माणूसच नाही!

रुक्मिणी हातातली तवी तशीच धरून उभी. "मग समुद्रावर आलात कशाला?" तिने अगदी मनापासून विचारलं.

विद्याधर हसले, पण घड्याळाकडे बघितलं. ते मी बघितलं.

तेव्हा मावशी म्हणाली, "घरी चला." एवढंच. पुढे चालायला लागली, मिनिटाला शंभर पावलं तरी असतील.

घरी तिने काळ्या वाटाण्याचं सांबारं केलेलं होतं— स्वतःपुरतं. पाहुणे असले की त्यांना कालवण करते, आणि स्वतःला हवं ते संध्याकाळी एकटी खाते, हे मला आजच कळलं. मी नारळ खवला, तिने घावणे टाकले. तव्यावरून थेट ताटात, एकेक. जयंतीबाईंनी पाच खाल्ले! सहावा मागताना म्हणाल्या, "हे तुमच्या तक्त्यात का नाही?"

"हे माझं आहे," मावशी म्हणाली. आणि सहावा दिला.

मग बाकीचं. भरती चढत होती— होड्या आल्या, मासळी उतरली. सुताराची होडी. विद्याधरांनी त्याला फळी कशी बसवावी ते सांगितलं! सुताराने माझ्याकडे बघितलं. मी आकाशाकडे. चार वाजून दहा मिनिटांनी धोंडिरामची भजी, तेल कडकडीत. त्या दोघांनी तीन बशा संपवल्या. धोंडिराम प्रत्येक बशीबरोबर घड्याळाकडे बोट दाखवत होता.

निघताना विद्याधर तक्त्यापुढे पाच मिनिटं उभे राहिले. पाऊणकीचं कोष्टक बोटाने तपासलं. मग जयवंतकाकांकडे वळले. काका दुपारच्या बोटीने येऊन आरामखुर्चीत बसले होते, मंडळाची गंमत बघायला. "नकाशा तुम्ही काढून घेतलात का कुणाकडून?"

काका काही बोलायच्या आत मी म्हटलं, "खाली उजव्या कोपऱ्यात नाव आहे."

वाकून वाचलं. "वसुधा. बरं. एक प्रत मी नेतो."

"दोन न्या. एकीवर घावणे लिहिते."

लिहिले. जागा बरोबर पुरली.

सोमवार, २२ डिसेंबर

रजा संपली. घाटकोपरला घरी परत. पायात अजून वाळू.

शनिवार, २७ डिसेंबर

मनोरीला आले, आणि पत्र माझ्याआधी आलेलं!

मंडळाने आमचं घर घेतलं. जानेवारी ते मार्च, सगळे शनिवार-रविवार. दोन्ही खोल्या. गोराई नाही, मढ नाही— मनोरी! खाली विद्याधरांच्या हाताने: "तक्त्याच्या आणखी वीस प्रती पाठवाव्यात. सौ. विचारते, घावण्यांना पीठ किती जाडसर?"

काशीरामदादांनी पत्र उलटं धरून वाचल्यासारखं केलं आणि म्हणाले, "झकास!" रुक्मिणीने नववं ताट वाढवायचं कबूल केलं, "पण फक्त मार्चपर्यंत, आणि त्यात वाल." धोंडिरामने टपरीवर पाटी लावली आहे: भजी चारनंतर.

जयवंतकाकांना मी स्वतः पत्र दाखवलं. त्यांनी चष्मा लावला, काढला. "शब्द म्हणजे शब्द," ते म्हणाले. "विकायचं नाव काढत नाही." आणि मग पत्र परत देताना, "चौतीस नारळ होते, हे तुला कुणी सांगितलं?"

"बुंधे आहेत ना अजून."

जिंकलो! हे मी सहसा लिहीत नाही. लिहिलं.

मावशी चुलीपाशी होती. पत्र तिच्यापुढे धरलं, तर तिने ओल्या हाताने नुसतं कोपऱ्याला धरलं आणि माझ्या गालावरून हात फिरवला. पीठ लागलं. पुसलं नाही.

बुधवार, ३१ डिसेंबर

संध्याकाळी दार वाजलं. मावशी! एकटी, हातात पिशवी. यजमान गेल्यापासून ती घाटकोपरला आली नव्हती.

बसायच्या आधीच म्हणाली, "जयवंतभाऊजींना सांगून आले. मार्चपर्यंतचे पाहुणे सांभाळते. मग सही घ्या, विका घर."

मी म्हटलं, आता? सगळे आठवडे भरलेत, मावशी!

"म्हणून तर. कुणी येत नाही म्हणून विकलं असतं तर हरून निघाले असते गं तिथून. तुझ्या काकांचं घर ते. आता भरलेलं घर सोडते." मग चप्पल काढली. "दमले, वसू. चार वर्षं लोकांना वाढतेय."

तुला काय हवंय, हे इतक्या दिवसांत मी तिला एकदाही विचारलं नव्हतं.

पाट मांडला. ताट वाढलं. ती म्हणाली, "अजून थोडा भात." वाढला.